सगळ्यांकडे उघडेल असं

आमच्या घरात कॉम्प्युटरचं, मोबाइलचं किंवा टीव्हीचं काहीही अडलं की फोन मला येतो. मी त्यातलं शिक्षण घेतलेलं नाही. नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते आणि तिथे प्रिंटर रुसला तरी सगळे माझ्याकडे बघतात, एवढीच माझी पदवी. पण ही पदवी मी वीस वर्षं मिरवली आहे. कुणी काही विचारलं की मी आधी उसासा टाकते, मग ‘सरका बाजूला’ म्हणते आणि करून देते. करताना कुणाचं ऐकत नाही. माझा नवरा म्हणतो, हिच्याकडे मदत मागायची तर आधी बोलणी खायची तयारी ठेवा. तो हे हसत म्हणायचा आणि मीही हसायचे. त्याच स्वभावाने मी जे एक काम केलं, त्याबद्दल लिहायला बसले आहे.

काम साधं होतं. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हार्ड डिस्क फॉरमॅट करून द्यायची होती.

दादा एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं कारकून होते. तिथे कागदांचे चार वर्ग असतात. अ वर्गाचे कागद कायमचे जपायचे, ब वर्गाचे तीस वर्षं, क वर्गाचे काही वर्षं आणि ड वर्गाचे वर्षभर ठेवून नष्ट करायचे. दादांनी ही पद्धत घरी आणली. आमच्या इंदिरानगरच्या घरातल्या लोखंडी कपाटाला चार कप्पे होते आणि चारही कप्प्यांवर खडूने अक्षरं लिहिलेली होती. रेशन कार्ड अ मध्ये, लग्नाचा अल्बम ब मध्ये. माझी दहावीची गुणपत्रिका अ मध्ये गेली, पण रांगोळी स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक क मध्ये टाकलं म्हणून मी दोन दिवस जेवताना त्यांच्याशी बोलले नव्हते. दुधाचे हिशेब, विजेची बिलं, एसटीची तिकिटं हे सगळं ड. आई त्यांना चिडवायची, ‘मला कोणत्या कप्प्यात टाकलंय ते तरी सांगा.’ दादा चष्मा पुसत बसायचे. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी स्कॅनर घेतला आणि पाच टीबीची एक हार्ड डिस्क घेतली. मग दोन वर्षं खपून सगळं कपाट त्या डिस्कमध्ये उतरवलं. फोल्डर अर्थातच चार, अ, ब, क, ड. शिवाय एक जाड रजिस्टर, ज्यात कोणत्या फोल्डरात काय आणि कधी ठेवलं याची त्यांच्या वळणदार अक्षरातली नोंद. डिस्क असताना रजिस्टर कशाला, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, डिस्क बंद असताना काय आहे ते कळायला नको का?

आई मूळची पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. घरी नागली, म्हणजे नाचणी, आणि भात पिकायचा, आणि पीक संपलं की माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायची. त्यातून ती शिकली आणि मास्तरीण झाली. शाळेत तिचं मराठी पुस्तकासारखं असायचं, घरात मात्र ‘हाय’, ‘नाय’ आणि ‘लय’. तिच्याकडे गोष्टी होत्या. तिच्या आईच्या, पाड्यावरच्या, कुठेही न छापलेल्या. आम्ही दोघं भावंडं त्या ऐकत झोपलो आणि मोठे झाल्यावर दोघांनाही एकही गोष्ट धड शेवटापर्यंत सांगता येत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनला तीन आठवडे होते. मी रिपोर्ट, विम्याचे कागद, हॉस्पिटलच्या फेऱ्या यांत गुंतले होते. दादा मात्र रोज दुपारी आईला गॅलरीत खुर्चीवर बसवायचे आणि समोर मोबाइल धरायचे. एकदा मी तिथे पोचले तेव्हा ती काहीतरी सांगत होती आणि मध्ये मध्ये खोकत होती. मी दादांवर उखडले. म्हटलं, तिचा घसा दुखतोय आणि तुम्ही तिला बोलायला कसलं लावताय? दादांनी मोबाइल खाली घेतला. मी गेल्यावर त्यांनी पुन्हा सुरू केलं असणार. म्हणजे रेकॉर्डिंग चाललं होतं हे मला माहीत होतं. पुढे त्याचं काय झालं, ते कुठे आहे, हे मी कधीच विचारलं नाही. मोबाइलमध्ये असेल, एवढाच विचार केला असेल, किंवा तेवढाही नसेल.

ऑपरेशननंतर आई वाचली. गळ्याला एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घेते आणि त्यावर मऊ सुती फडकं बांधते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं. त्यातून भुंग्यासारखा आवाज यायचा. दोन दिवस वापरून तिने ते कपाटात ठेवून दिलं. मग बंगळुरूहून माझ्या धाकट्या भावाने तिला लिहायची पाटी पाठवली, मुलांची असते ती, काळ्या काचेवर लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. आई त्यावर भरभर लिहिते आणि लगेच बटण दाबते. फळ्यावर लिहून पुसायची सवय हातात मुरलेली.

गेल्या वर्षी भावाला मुलगी झाली. यंदा फेब्रुवारीत दादांचा फोन आला. म्हणाले, ‘डिस्क सगळ्यांकडे उघडेल असं करून दे.’ भावाचा लॅपटॉप ॲपलचा. दिवाळीत त्याने ही डिस्क लावून पाहिली होती तेव्हा आतलं दिसत होतं, पण त्यात काही टाकता येत नव्हतं. दादांना ते खटकलं होतं. त्यांना ती डिस्क भावाच्या लॅपटॉपवर, माझ्या लॅपटॉपवर, घरच्या टीव्हीवर आणि जमलं तर मोबाइलवरही चालायला हवी होती. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. डिस्कच्या डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती, ‘सर्व संबंधितांना वाचता व लिहिता यावे.’ मी ती वाचून हसले आणि डिस्क घरी घेऊन आले.

हे काम काय असतं ते सांगते. डिस्कच्या आत सामान ठेवायची एक मांडणी असते आणि प्रत्येक यंत्राला प्रत्येक मांडणी कळत नाही. दादांची डिस्क विंडोजच्या मांडणीत होती, जी ॲपलला वाचता येते पण लिहिता येत नाही. एक्सफॅट नावाची मांडणी दोघांनाही चालते. मांडणी बदलायची म्हणजे फॉरमॅट करायचं, आणि फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं जाणार. म्हणून आधी आतलं सामान दुसरीकडे काढून ठेवायचं, मग फॉरमॅट करायचं, मग परत आणून भरायचं. इतकंच.

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर मी लॅपटॉप मांडला. माझ्या लॅपटॉपमध्ये जागा थोडी होती, मुलाची एक जुनी छोटी डिस्क सापडली. दोन्ही मिळून अ, ब आणि क बसत होते. ड बसत नव्हता.

मी ड उघडला. आत ड-१, ड-२ असे बारा फोल्डर. ड-१ मध्ये विजेची बिलं. ड-२ मध्ये दुधाची कार्डं. ड-३ मध्ये एसटीची तिकिटं, नाशिक ते पेठ, आईच्या नोकरीच्या काळातली. इथे मी थांबले आणि कपाळावर हात मारला. तिकिटं स्कॅन करणारा बाप देवाने मलाच का दिला, असं काहीतरी मी नवऱ्याला मोठ्याने म्हटलं. ड-४ उघडला नाही. पूर्ण ड चा आकार मात्र पाहिला होता, एकशे ऐंशी जीबी. एकशे ऐंशी जीबीची वीजबिलं नसतात. कारखान्यात कुणी मला अशी फाइल पाठवली असती तर मी तिथल्या तिथे फोन करून विचारलं असतं. पण मला घाई होती, कुकर लावायचा होता, आणि ड म्हणजे वर्षभरात नष्ट, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

फॉरमॅट करताना यंत्र विचारतं. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी चालेल म्हटलं. त्याच सुमारास दादांचा फोन आला होता. ‘सगळं नीट राहील ना गं?’

‘दादा, मला करू द्या,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी मी इंदिरानगरला गेले. त्यांच्या जुन्या टीव्हीला एक्सफॅट कळेना. मग मी तिथेच बसून डिस्कचे दोन भाग केले, मोठा एक्सफॅटचा आणि छोटा जुन्या पद्धतीचा, जो टीव्हीलाही कळतो. म्हणजे पुन्हा फॉरमॅट आणि पुन्हा भरणं. अ, ब, क परत भरले. एवढी जागा मोकळी दिसली म्हणून माझ्याकडचे सिनेमे आणि मुलाची कार्टूनंही टाकली, सगळं चालतंय ना हे बघायला. चाललं. लॅपटॉपवर चाललं, मोबाइलला वायर लावून चाललं, टीव्हीवर लग्नाचा अल्बम दिसला. मी रिमोट हातात घेऊन शिकवणाऱ्या बाईसारखी उभी राहिले.

दादा म्हणाले, ‘आता ड उघड.’

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने केस नीट केले, गळ्याचं फडकं सरळ केलं आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली. कुणाच्या तरी घरी गेल्यावर बसते तशी. मला तेव्हाही कळलं नाही. मी विचारलं, ड मध्ये काय बघायचंय?

दादा म्हणाले, ‘आईच्या गोष्टी. ऑपरेशनच्या आधी सांगितलेल्या. छोटीला पाठवायच्यात. ती पाळण्यात आहे तोवर आजीचा आवाज तिच्या कानावर पडला पाहिजे.’

मी टीव्हीकडे तोंड करून रिमोटची बटणं दाबत राहिले, वर, खाली, पुन्हा वर, जणू ड कुठेतरी मागे राहिला असेल. एकेक गोष्ट मनात बसत गेली. दादांचा मोबाइल लहान होता, तो भरायचा म्हणून ते रोज संध्याकाळी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग डिस्कमध्ये टाकून मोबाइल रिकामा करत असणार. तो मोबाइल पुढे बदलला, आणि तो बदलून आणणारीही मीच. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मग मी म्हटलं, ‘ड दिसत नाहीये, दादा. डिस्कच खराब निघाली वाटतं. तेवढाच भाग वाचता आला नाही.’

किती सहज म्हटलं मी. माझ्या आवाजात कंपसुद्धा नव्हता. दादा माझीच समजूत घालायला लागले. यंत्र आहे, बिघडायचंच, तू कशाला वाईट वाटून घेतेस, दोन दिवस घालवलेस आमच्यासाठी. आईने पाटी घेतली, ‘असू दे’ असं लिहिलं आणि बटण दाबलं. जाताना तिने मला नागलीचे पापड बांधून दिले. दादांनी रजिस्टर काढून ड च्या पानावर लिहिलं ते मी उभ्या उभ्या वाचलं, ‘यंत्रातील बिघाडामुळे नष्ट.’ खाली सही आणि तारीख.

पुढचे पाच आठवडे मी कशी वागले ते सांगायची लाज वाटते. मी त्यांच्याकडे जास्त वेळा जायला लागले. फळं न्यायची, औषधं आणून द्यायची, दादांचं मोबाइलचं बिल भरायची. कुणालाही वाटावं की काय गुणाची मुलगी आहे. दादा शेजाऱ्यांना तसं सांगायचेही, आणि मी तिथून उठून गॅलरीत जायची. घरी नवऱ्यावर आणि मुलावर खेकसायची. त्या सिनेमांपैकी एक मुलाने लावला तर मी लॅपटॉप बंद करून टाकला आणि त्याला कारण सांगितलं नाही.

डिस्क कंपनीकडे तपासायला देते, अशी आणखी एक थाप मारून मी ती शालिमारजवळच्या एका दुकानात नेली. पुसलेलं परत काढून देणारे असतात. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्याने सांगितलं ते मला दादांच्या भाषेतच कळलं. साधं फॉरमॅट केलं की फक्त यादी जाते, गठ्ठे तसेच फडताळात असतात, कुठला कुठे ते कुणाला माहीत नसतं इतकंच. ते शोधून काढता येतात. मग त्याने चष्मा खाली घेतला.

‘मॅडम, फॉरमॅटनंतर ह्यात काही भरलं का?’

मी हो म्हटलं.

‘मग जिथं भरलं तिथलं गेलं. काय भरलं होतं?’

सिनेमे, मी म्हटलं. त्याने मान हलवली. तो मला काही बोलला असता तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी त्याने पेन ड्राइव्ह हातात ठेवला. गॅलरीतल्या तीन आठवड्यांतून अकरा तुकडे निघाले होते. मी दुकानाच्या जिन्यातच लॅपटॉप मांडीवर घेऊन ते बघितले. पाचांत काहीच दिसत नव्हतं, नुसते रंगीत चौकोन. तीन तुकड्यांत चित्र होतं आणि आवाज नव्हता. आई गॅलरीत बसून ओठ हलवत होती, हातवारे करत होती, हसत होती, आणि ऐकू काही येत नव्हतं. ती आता घरी दिसते अगदी तशीच. तो तुकडा मी बंद केला आणि जिन्यात रडले. वर जाणारी एक बाई मला बाजूने वळसा घालून गेली.

उरलेल्या तीनमध्ये आवाज होता. एकात ती दादांना म्हणते, ‘मोबाइल सरळ धरा ना.’ दुसऱ्यात नुसतं खोकणं आणि मागून माझा आवाज, ‘तुम्ही तिला बोलायला कसलं लावताय?’ तिसरा सगळ्यात मोठा, चाळीस सेकंदांचा. त्यात एका गोष्टीची सुरुवात होती. ‘एका डोंगरावर एक म्हातारी व्हती. तिच्यापाशी नागलीचे सात दाणे व्हते. लय नाय, सातच. ती म्हणली, आता ह्ये खाऊ का पेरू? तेवढ्यात आलं अस्वल...’ आणि तिथे संपलं.

दुसऱ्या दिवशी मी इंदिरानगरला गेले. दादा बाहेर गेले होते. आई भाजी निवडत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. डिस्क चांगली होती. मी ड घेतलाच नाही. मी पुसला. तुम्हाला खोटं सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत, मेथीची पानं ती खुडत राहिली. मग हात पुसून तिने पाटी घेतली.

‘दादांना सांगितलंस?’

मी नाही म्हटलं. तिने बटण दाबलं आणि लिहिलं, ‘त्यांना आधी सांगायचं होतंस. ते रोज त्या डिस्कची वाट बघत्यात.’ हे तिने पुसलं नाही. माझ्यासमोर तसंच ठेवून ती चहा टाकायला आत गेली.

दादा आले. मी दुसऱ्यांदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. मीच तावातावाने म्हटलं, तुम्हीच ते ड मध्ये कशाला ठेवलं होतं? ड म्हणजे वर्षभरात नष्ट, हे तुम्हीच शिकवलं ना आम्हाला? गुन्हा माझा आणि आवाजही माझाच चढलेला.

दादा म्हणाले, ते कागदावर. छत्तीस वर्षांत त्यांच्या रेकॉर्डमधून जे जे गहाळ झालं ते सगळं अ मधून. अ ची फाइल सगळ्यांना लागते. साहेब मागवतात, वकील मागवतात, कोर्टात जाते, परत येते तेव्हा दोन पानं कमी असतात, कधी येतच नाही. ड च्या गठ्ठ्याला मात्र कुणी हात लावत नाही. नष्ट करायचा म्हटलं तरी त्याला समिती लागते, यादी लागते, साहेबांची सही लागते. ते कधी होतच नाही. दादांच्या आधीच्या कारकुनांनी बांधलेले ड चे गठ्ठे त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही जसेच्या तसे फडताळात होते. त्यामुळे रेकॉर्डमधली जुनी माणसं स्वतःचं काही जपायचं असेल तर ड मध्ये ठेवायची, वरती बिलं घालून. तिथे ते सुरक्षित असतं.

‘सरकारला लागतं ते अ मध्ये,’ दादा म्हणाले. ‘आपल्यालाच लागतं ते मी ड मध्ये ठेवत आलो. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’

एवढंच बोलले. पेठची तिकिटं आठवली मला. आईचं ते जुनं चिडवणंही आठवलं, आणि तिने स्वयंपाकघराच्या दारातून दादांकडे कसं पाहिलं तेही मी पाहिलं.

मग त्यांनी रजिस्टर मागितलं. त्यांना वेगळंच टोचत होतं. ‘यंत्राला उगाच दोष दिला मी,’ म्हणाले. लाल पेनाने त्यांनी आपल्या नोंदीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, कचेरीत मारतात तशी, आणि बाजूला आद्याक्षरं केली. मग पेन माझ्याकडे दिलं. कारण ज्याने नष्ट केलं त्याने लिहायचं असतं. मी लिहिलं, ‘न विचारता पुसले.’ सही केली. लाल शाईतली माझी सही त्या पानावर अजून आहे.

चहा झाल्यावर मी तो चाळीस सेकंदांचा तुकडा त्यांना लावून दिला. दादांनी तो तीनदा ऐकला. आईने एकदा ऐकला आणि अस्वल आल्यावर आवाज तुटला तेव्हा तिने पाटी ओढून घेतली. ‘गोष्टी मला पाठ हायेत. आवाज तुझा दे.’

त्या रविवारपासून हे सुरू झालं. आई पाटीवर दोन दोन ओळी लिहिते, मी मोठ्याने वाचते, ती बटण दाबते, पुढच्या ओळी लिहिते. दादा समोर मोबाइल धरतात. मी सवयीने ‘खूप’ म्हटलं की आई पेनाने माझ्या गुडघ्यावर टोचते, कारण तिने ‘लय’ लिहिलेलं असतं. अस्वलाचं बोलणं मला कधी जमत नाही, ते ती हातवाऱ्यांनी करून दाखवते आणि मी तसं म्हणायचा प्रयत्न करते. तासाभराने माझा घसा बसतो. मी पाणी मागत नाही. रेकॉर्डिंग झालं की दादा स्वतः त्याच्या तीन प्रती करतात, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक भावाकडे. कसं करायचं ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. शिकवताना मी उसासा टाकला नाही.

भावाला मी फोनवर सगळं सांगितलं. चाळीस सेकंदांचा तो तुकडा मी त्यालाही पाठवला. त्याची बायको म्हणाली की तो तुकडा तो ऑफिसला जाताना गाडीत ऐकतो. मुलीला मात्र ते माझ्या आवाजातल्या गोष्टी लावून देतात. त्या पूर्ण आहेत.

मे महिन्यात भाऊ बायको-मुलीला घेऊन आला. छोटीला तेव्हा वर्ष व्हायला आलं होतं. नवं घर, नवी माणसं, ती कुणाकडे जाईना. दादांकडे बघून रडली, माझ्या नवऱ्याकडे बघून रडली. आईने दोन्ही हात पुढे केले, ओठांनी तिचं नाव घेतलं. छोटीने गळ्याच्या फडक्याकडे पाहिलं आणि भावाच्या खांद्यात तोंड लपवलं. आईने हात मागे घेतले नाहीत. ती तशीच बसली होती, मांडीवर तळवे उघडे ठेवून.

मी स्वयंपाकघरातून विचारलं, चहा किती जणांना टाकू?

भाऊ नंतर सांगत होता की छोटीने झटकन मान वळवली. मी बाहेर आले तेव्हा ती त्याच्या कडेवरून माझ्या दिशेने वाकलेली होती, दोन्ही हात पसरून. मी घेतलं तर गळ्यात पडली. माझ्या तोंडाला हात लावून म्हणाली, ‘आज्जी.’

सगळे हसले. भाऊ ओशाळून सांगायला लागला की ते रोज गोष्ट लावताना तिला म्हणतात, ऐक, आजीची गोष्ट. आईसुद्धा हसली. तिचं हसणं आता फक्त दिसतं. मी छोटीला तिच्याकडे वळवलं आणि म्हटलं, ‘मी आत्या. आजी ही. ही बघ आजी.’ पण बोलणारी मी होते. जितकं मी बोलले तितकी ती मला घट्ट धरत गेली. माझ्या खांद्यावर तिचा श्वास लागत होता आणि दीड हातावर आई बसली होती, रिकामी मांडी घेऊन.

आईने पाटी घेतली. मला वाटलं मनाला लागेल असं काही लिहील, आणि ते मला हवंही होतं. तिने लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली. अस्वलाच्या गोष्टीच्या पुढच्या दोन ओळी होत्या, आणि खाली, ‘वाच.’

छोटीला मांडीवर घेऊन मी आईच्या शेजारी बसले आणि वाचायला लागले.